फिटलेला पैरा

एप्रिल लागला की मला कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून फोन येतो. यंदा गारगोटीहून आला. फोनवरच्या प्राध्यापकांनी आधी माझं कौतुक केलं, मग माझ्या काजूचं केलं, आणि मग हळूच विषय सांगितला. ‘ध्येय, अभ्यास आणि नातेसंबंध यांचा समतोल.’ मी हो म्हटलं. दरवर्षी म्हणते. फोन ठेवून खिडकीपाशी आले तर खाली राजारामपुरीच्या कोपऱ्यावर एक बाई ओल्या काजूगराची टोपली घेऊन बसली होती. गिऱ्हाइकाला गर मोजून देताना तिची बोटं दिसत होती, दुसऱ्या पेरापर्यंत काळी. मी खिडकी लावून घेतली. उकडत होतं तरी लावून घेतली.

समतोल हा शब्द मला आवडत नाही. तो शब्द स्टेजवरून वापरणारी माणसं तर मुळीच आवडत नाहीत, आणि त्या माणसांत मीही आले. ही माणसं पहाटे चारला उठतात. कोमट पाण्यात लिंबू पिळतात. रविवारी घरच्यांना वेळ देतात. ‘रविवार फक्त कुटुंबाचा’ असं एक उद्योजक माईकवरून सांगत होते तेव्हा त्यांची बायको पहिल्या रांगेत बसून मोबाइल बघत होती. तो दिवस रविवारच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही एका हाताने मांडीवर वाजवल्यासारखं केलं.

आमच्या कोल्हापुरात युवा उद्योजक व्हायला धंदा लागत नाही, फ्लेक्स लागतो. चौकात उभं राहून वर बघा. गॉगल लावलेला, कानाला फोन धरलेला एक पोरगा असतो. फोनवर पलीकडे कोण आहे ते देवाला ठाऊक, बहुतेक आईच असावी, जेवायला कधी येतोस विचारत. नावाच्या आधी ‘युवा उद्योजक’ आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. या पोरांना मी मनापासून हसायचे. नंतर माझाही फ्लेक्स लागला, आणि मला त्याचा आनंद झाला. ही गोष्ट मी व्याख्यानात सांगत नाही.

आमचं गाव आजऱ्यापासून सात किलोमीटरवर. गावाच्या वरच्या अंगाला आमची काजूची उतरण आहे, तांबडी, दगडाळ, दुसरं काही पिकवायला नकार देणारी. मार्चच्या मध्याला झाडाखाली बोंडं पडायला लागतात, पिवळी आणि लाल. दुपारच्या उन्हात ती आंबून त्यांचा एक वास सुटतो, गोड आणि जरा दारूकडे झुकणारा. तो वास कपड्यांना बसतो, केसांना बसतो, पुस्तकांनाही बसतो. माझ्या टी.वाय.च्या कॉस्टिंगच्या पुस्तकाला तो अजून येतो. मी ते पुस्तक फेकलेलं नाही, आणि उघडतही नाही.

त्या वर्षी मी कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि डोक्यात वारं शिरलं होतं. आमचा आप्पा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी सुकी बी व्यापाऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. मी म्हटलं, बी द्यायची नाही, आपणच फोडायची, गर पाकिटात घालायचा, आपल्या नावानं विकायचा. पाकीट मी आधी छापून आणलं. पाकिटात घालायला गर नव्हता, तो काढायला माणसं नव्हती, पण पाकीट फार देखणं होतं. धंद्याची सुरुवात पाकिटापासून करणारी माझ्यासारखी माणसं पुढे व्याख्यानंच देतात.

बी वाफवायला मोठं भांडं आणलं आणि पायानं दाबून बी कापायची दोन यंत्रं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडली. काजूच्या टरफलात एक काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की पोळतं, काळं पडतं आणि मग आठ-दहा दिवसांनी कातडी पापुद्र्यानं निघते. बायका हाताला एरंडेल लावून, वर राख चोळून कामाला बसतात. तरीही तेल लागायचं ते लागतंच. अख्खा गर काढायचा तर बोटांना बी कळावी लागते, आणि हातमोज्यांत ती कळत नाही. हे मला माहीत होतं, कारण मी एक दिवस बसून बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाकिटाच्या कामाला लागले.

मजुरीनं बाया लावायला हातात काही नव्हतं. तेव्हा रूपाली आली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या आम्ही. तीही टी.वाय.ला होती, पण आजऱ्याच्या कॉलेजात, घरचं सगळं करून. बाकी विषयांत ती माझ्याबरोबरीची होती, फक्त कॉस्टिंग तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिच्या कॉलेजात तो विषय कुणी धड शिकवला नव्हता. शेडच्या दारात उभी राहून तिनं सरळ सांगितलं, "मने, तू मला कॉस्टिंग शिकीव. आमी तुझी बी फोडतो. पैरा करू."

पैरा म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण गारगोटीच्या स्टेजवर कदाचित सांगावं लागेल. तुमच्या शेतात आज मी राबायचं, माझ्या शेतात उद्या तुम्ही. मध्ये मजुरी नाही, कागद नाही. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस. लावणीला, मळणीला असाच गाव चालत आला. अभ्यासाचा पैरा मात्र गावात कुणी ऐकला नव्हता. रूपालीच्या आईला सगळा गाव आक्का म्हणतो. आक्का हसली, मग म्हणाली की चालतंय, दहा दिसाला दहा दिस. आम्ही दोघींनी मान डोलावली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला करार होता, आणि त्यानंतर मी वकिलाकडून तपासून घेतलेले बरेच करार केलेत.

त्या दोघी मायलेकी दहा दिवस आल्या. सकाळी उन्हं चढायच्या आत यायच्या आणि दिवस कलल्यावर जायच्या. यंत्राचा एकसारखा टक्-टक् आवाज, वाफवलेल्या बीचा कडवट वास, पत्रा तापून शेडमध्ये भरलेली ऊब. रूपाली बी यंत्रात धरायची, पायानं दाब द्यायची, दोन शकलं वेगळी करून आतला गर सुईनं अलगद काढायची. दहातले नऊ अख्खे. मी शेजारी खुर्ची टाकून मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढायचे. एकदा ती म्हणाली की व्हिडिओ काढण्यापरीस वाईच पाणी आण. मी पाणी आणलं, आणि पाणी पितानाचाही फोटो काढला. फार छान आला होता तो.

मग माझी पाळी आली. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. मी दोन दुपारी तिच्या सोप्यात बसून शिकवलं. आणि हे अगदी खरं सांगते, त्या दोन दुपारींइतकं चांगलं मी नंतर कधी शिकवलं नाही. प्रोसेस कॉस्टिंग मी तिला काजूवर शिकवलं. शंभर किलो बी आत गेली, गर निघाला तो चौथा हिस्साही नाही, मग बाकी गेलं कुठं? टरफल गेलं, पाणी गेलं, साल गेली. हे जाणारच, म्हणून आधीच धरून चालायचं, याला नॉर्मल लॉस म्हणायचं. तिला ते लख्ख कळलं. ती हसून म्हणाली की एवढंच व्हय, सरांनी उगीच तीन तास लावलं. तिच्या बोटांची कातडी तेव्हा सोलायला लागली होती. पेन धरताना ती करंगळीचा आधार घेत होती. आक्कानं मागून लिंबाचं सरबत आणून ठेवलं आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी मला कोल्हापुरातून निरोप आला. युवा उद्योजकांच्या कसल्याशा स्पर्धेत माझी निवड झाली होती. एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर, मग निवडक लोकांचं सादरीकरण, मग बक्षीस. मी पिशवी भरली. रूपालीला म्हटलं की तीन दिवसांत येते, उरलेले आठ दिवस मग सलग बसू. ती बरं म्हणाली. आप्पा मात्र गोठ्यातून बाहेर आला. आमचा आप्पा एरवी माझ्या धंद्यात तोंड घालत नसे. त्या दिवशी म्हणाला, "पैरा हाय त्यो, ध्यानात ठेव. मजुरीचं माणूस चुकलं तर मजुरी कापता येती. पैऱ्यातलं चुकलं तर काय कापणार हाईस?"

मला राग आला होता. जुन्या माणसांना संधी म्हणजे काय ते कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं. शिबिरातही कुणीतरी नेमकं तेच शिकवलं, त्यामुळे मला फार बरं वाटलं. तिथं टाय बांधलेला एक जण आम्हाला सांगत होता की तुम्हाला मागे खेचणाऱ्या माणसांपासून लांब राहा. आम्ही चाळीस जण मान डोलवत वहीत लिहून घेत होतो. चाळिसांपैकी निम्म्यांचा धंदा अजून सुरू व्हायचा होता, पण सगळ्यांकडे व्हिजिटिंग कार्ड होतं. जेवणात पनीर होतं. मी रूपालीला दोन पीडीएफ आणि चार व्हिडिओंच्या लिंक पाठवल्या. वर लिहिलं, ‘हे बघून घे, खूप सोपं आहे.’ खाली हसरा चेहरा टाकला. आमच्या गल्लीत तेव्हा मोबाइलला रेंज मिळवायला माळावर जावं लागे, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

तीन दिवसांचे बारा झाले. सादरीकरणाला निवड झाली, मग त्याची तालीम, मग बक्षीस समारंभ. सादरीकरणात माझ्याकडे दाखवायला फारसं काही नव्हतं. म्हणून मी रूपालीच्या हातांचा फोटो पडद्यावर लावला. काळे पडलेले, भेगाळलेले, ओंजळीत पांढरेशुभ्र अख्खे गर. मी म्हटलं, ‘या आमच्या ग्रामीण भगिनी, यांच्या हाताला काम देण्यासाठी हा ब्रँड.’ परीक्षकांतल्या एका बाईंनी डोळे टिपले. ज्या हातांना मी एक पैसा दिला नव्हता आणि देणं असलेले आठ दिवसही देत नव्हते, त्या हातांवर मी पहिलं बक्षीस घेतलं. त्या बाई अजूनही मला दिवाळीला शुभेच्छा पाठवतात.

गावच्या पोरांनी फ्लेक्स लावला, आजऱ्याच्या स्टँडसमोर. ‘युवा उद्योजिका कु. मनीषा हिचे हार्दिक अभिनंदन.’ माझा फोटो मोठा, हातात ढाल. बाजूला, कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे, ओंजळीचा तो फोटोही टाकला होता. रूपाली कॉस्टिंगच्या पेपरला त्याच फ्लेक्सखालून चालत गेली. बोटांना चिंध्या गुंडाळून तिनं तीन तास लिहिलं, हे मला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं. पर्यवेक्षकांनी चिंधी सोडून दाखवायला सांगितली होती, आत चिठ्ठी आहे का बघायला. तिनं सोडून दाखवली आणि परत बांधली.

त्या पेपरच्या आधल्या दिवशी मी गावात पोचले होते, माझ्या पेपरसाठी रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरला परतायचं होतं. तिच्या दारात गेले, पेढ्याचा बॉक्स घेऊन. ती पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पेढा घेतला, अर्धा आक्काला दिला, छान झालं म्हणाली. मी म्हटलं की आता बसू या का दोन तास. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, तू दमलीयास. मला बरं वाटलं, कारण मी खरोखरच दमले होते. त्या बरं वाटण्याचा आज मला जेवढा तिटकारा येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही. कॉस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर मी रूपालीला नॉर्मल लॉसमध्ये धरून टाकलं होतं.

निकाल लागला. मला फर्स्ट क्लास. तिचा कॉस्टिंग सहा मार्कांनी गेला. सहा मार्क म्हणजे एक छोटा प्रश्न, एक दुपार. मी तिला ऑक्टोबरला परत बसायला सांगितलं आणि मी आहेच की, असंही म्हणाले. ती बसली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा फौजेत, त्यामुळे ती पुष्कळदा आक्काजवळच असते. तिचं वाटोळं वगैरे काही झालं नाही. व्याख्यानात सांगायला बरं पडेल असं करुण काहीही घडलं नाही. फक्त ती बी.कॉम. झाली नाही, आणि तिला व्हायचं होतं.

त्याच वर्षी आषाढात आक्काची भाताची लावणी निघाली. मी ठरवलं, उरलेला पैरा राबून फेडायचा. कुणी बोलावलं नव्हतं तरी पहाटे उठून त्यांच्या वाफ्यात उतरले. वरच्या वाडीतल्या पाच बाया मजुरीनं आल्या होत्या. रूपाली माझ्याकडे बघून सरकली, मला जागा करून दिली. दिवसभर वाकून घनसाळ भाताचं रोप लावलं. चिखलात पिंढऱ्यांपर्यंत पाय, पाठीवर इरलं, कंबर तुटायची वेळ. कुणी मला टोचून बोललं नाही. भाकरी दिली, चटणी दिली, पाणी दिलं. मला वाटलं, झालं, मिटलं. सात दिवस अजून येईन असा हिशेब मी मनात करत होते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्याचा एक चांगला फोटो असता तर बरं झालं असतं, हेही एकदा मनात येऊन गेलं.

दिवस कलता बाया बांधावर आल्या. पाय धुतले आणि रांगेनं उभ्या राहिल्या. आक्कानं कमरेची पिशवी सोडली आणि एकेकीच्या हातावर मजुरी ठेवत आली. मी शेवटी उभी होते. माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्याही ओल्या हातावर तेवढ्याच नोटा ठेवल्या. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "आक्का, माझा पैरा हाय."

आक्का पिशवीची नाडी आवळत राहिली. रूपाली पाटात पाय धूत होती. तिनं वर न बघता, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "घ्या की, पावणं."

पहिलीपासून ती मला मने म्हणत आली होती. स्टँडवर चुकून धक्का लागलेल्या, पत्ता विचारणाऱ्या, कोण कुठल्या माणसाला आम्ही पावणं म्हणतो. मी नोटा घेतल्या. परत दिल्या असत्या तर वाद झाला असता, म्हणून घेतल्या असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. वाडीतल्या बायांबरोबर मी खाली मान घालून घरी आले.

आता माझ्या शेडमध्ये तीस बायका आहेत, यंत्रं नवी आहेत, हातमोजेही चांगले मिळतात. पाकिटावर अजून ती ओंजळ आहे. डिझायनरनं बोटं जरा गोरी केलीत. सत्काराच्या शाली इतक्या साठल्या आहेत की आई त्या उशीच्या खोळींत भरते. लोक मला विचारतात की सगळं एकाच वेळी कसं सांभाळलंत. मी सांगते, वेळेचं नियोजन. तराजूचं एक पारडं मी वर ठेवलं ते दुसऱ्यात रूपालीला बसवून, हे त्यांना ऐकायचं नसतं. मलाही सांगायचं नसतं, त्यामुळे आमचं छान जमतं.

यंदा गारगोटीच्या आदल्या दिवशी घरी मुक्काम केला. आप्पानं जेवताना सहज सांगितलं की रूपाली बाहेरून परीक्षेला बसतेय, राहिलेली डिग्री पुरी करणार. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आपल्या पायांनी चालत आलं, असं वाटलं. सकाळी व्याख्यानाला निघायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले. सोप्यात तीच जागा. रूपाली ओल्या बिया चिरत बसली होती, हाताला राख, केसांत थोडं पांढरं. आक्का थकलीय, खाटेवर पडून होती, मला बघून उठून बसली.

मी म्हटलं की कॉस्टिंग मी शिकवते. दर शनिवार-रविवारी येते, सगळं सोडून येते. मनापासून म्हटलं होतं. ती हसली, छान हसली. तिनं सांगितलं की शिकवायला माणूस मिळालाय. गावच्या दूध संस्थेचा सचिव कॉमर्स झालेला आहे, दुपारी मोकळा असतो, तो येतो. त्याच्या काजूच्या बिया तिनं वेचून दिल्या. पैरा ठरलाय.

मी उभीच होते. आणि मग ते विचारलं, जे विचारायला मी बहुतेक आले होते. "आणि माझा पैरा, रूपे?"

तिनं हातातली बी चिरली, गर काढून ताटलीत टाकला. रागानं नाही, आठवण करून दिल्यासारखं म्हणाली, "तुझा कुठला ऱ्हायलाय? तुला मजुरी दिली न्हवं का आक्कानं."

आक्कानं खाटेवरून मान हलवली, दिली होती म्हणून. मग रूपालीनं वर्तमानपत्राच्या कागदात ओंजळभर ओले काजूगर बांधून दिले, वाटंत खा म्हणाली. दारापर्यंत पोचवायलाही आली, आलेल्या पाहुण्याला पोचवतात तशी.

गारगोटीचं व्याख्यान उत्तम झालं. हॉल भरला होता. दारातच माझा फ्लेक्स होता, त्यात मी कानाला फोन धरलेला नव्हता एवढं समाधान. पुडी पर्समध्ये होती, तिचा ओला डाग अस्तराला पडला होता. शेवटी दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. शेजारच्या मैत्रिणीचा हात तिनं उठतानाही सोडला नव्हता. तिनं विचारलं, "मॅडम, धंदा आणि अभ्यास करताना तुम्ही मैत्रिणींना वेळ कसा दिलात?" मी पाण्याचा घोट घेतला, आणि कार्डावर लिहून आणलेलं उत्तर वाचून दाखवलं.